हनुवटीवर राठ केस येतायत? चिमट्याआधी कॅलेंडर हातात घ्या

माझ्याकडे चार वर्षं तीन चिमटे होते. एक घरी, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक पर्सच्या आतल्या कप्प्यात. हनुवटीखाली डाव्या बाजूला एक केस असा यायचा की सकाळी हाताला काहीच लागायचं नाही आणि दुपारी मीटिंगमध्ये बोट आपोआप तिथे जायचं, टोचायचं, आणि मग पुढचा अर्धा तास कोण काय बोलतंय त्याकडे लक्षच नाही. गाडीच्या आरशात उन्हात हा केस जसा दिसतो तसा बाथरूमच्या आरशात कधीच दिसत नाही, ज्यांना आहे त्यांना हे सांगायला नको. एकाचे पाच झाले, मग मी मोजणं सोडलं. आई म्हणायची अगं तुझ्या आत्यालाही होतं, आणि मी ते लगेच मान्य केलं कारण ते सोयीचं होतं.

शेवटी हार्मोनच्या डॉक्टरबाईंकडे गेले तर त्यांनी केस बघायच्या आधी विचारलं, कधीपासून? म्हटलं असतील तीन-चार वर्षं. पाळी? येते की. किती दिवसांनी? इथे मी गप्प. वजन कधी वाढलं, केसांच्या आधी की नंतर? परत गप्प. केस किती आहेत यापेक्षा कधी सुरू झाले, किती वेगाने वाढले आणि त्याच काळात शरीरात आणखी काय बदललं, अर्धं निदान यातच असतं असं त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे एकही तारीख नव्हती. म्हणून हे सगळं मी ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, हे वाचून गोळ्या स्वतःच्या स्वतः सुरू करू नका, पण डॉक्टरसमोर माझ्यासारख्या गप्प बसू नका एवढ्यासाठी हे आहे.

आधी बघा, ही लव आहे की राठ केस

अंगभर जी मऊ, फिकट, बारीक लव असते ती सगळ्या बायकांना असते, गालावरही असते, उन्हात चमकते. तो आजार नाही. जाड, काळे, टोचणारे केस पुरुषांना येतात त्या जागी यायला लागले, म्हणजे ओठांच्या वर, हनुवटी, छातीच्या मध्ये, बेंबीच्या वर-खाली, पाठीवर, मांडीच्या आतल्या बाजूला, तर त्याला डॉक्टर हर्सुटिझम म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या साधारण ५ ते १० टक्के बायकांना हे असतं, म्हणजे तुम्ही एकट्या नाही.

हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत आणि पायांच्या नडग्यांवर केस जास्त असणं मात्र यात धरत नाहीत. ते बहुतेक वेळा घराण्यातून येतं आणि पुरुषी हार्मोनशी त्याचा फारसा संबंध नसतो. मोजायची पद्धत १९६१ मध्ये फेरीमन आणि गॅलवे यांनी काढली, त्यात आधी ११ जागा होत्या, पुढे नेमक्या याच दोन जागा वगळून ९ ठेवल्या. प्रत्येक जागेला ० ते ४ मार्क, एकूण ३६ पैकी. साधारण ८ किंवा जास्त आले तर हर्सुटिझम धरतात, पण ही रेघ सगळ्यांना सारखी नाही, काही वंशांत मुळातच केस कमी असतात तिथे कमी आकड्यालाही महत्त्व देतात आणि काही ठिकाणी रेघ वर असते.

या मोजणीत एक गंमत आहे. आपण सगळ्या केस काढूनच डॉक्टरकडे जातो, चेहरा स्वच्छ, मग मार्क कसले देणार. तपासणीच्या आधी जमेल तेवढे दिवस पोटावरचे, छातीवरचे केस तरी काढू नका. चेहऱ्यावरचे ठेवणं शक्य नसेल, आणि बहुतेकींना नसतंच, तर काढायच्या आदल्या दिवशी उजेडात जवळून फोटो काढून ठेवा. मी तो फोटो दाखवताना मान वर करून बघितलं नव्हतं, पण त्या फोटोने जे काम केलं ते मी बोलून झालं नसतं.

मग एक पान घ्या आणि तारखा लिहा

यात घाई करू नका, अर्धा तास बसा, जुने फोटो चाळा, फोनमध्ये तारखेसकट असतातच. काय लिहायचं ते सांगते.

पहिला राठ केस कधी दिसला, वय किती होतं. वयात येताना हळूहळू सुरू झालं, की पंचवीस-तीसच्या पुढे, की पाळी गेल्यावर. आधी किती दिवसांनी काढावे लागायचे आणि आता किती दिवसांनी, हा आकडा फार उपयोगी, तो पुढेही लागणार आहे. मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा. पाळी आली त्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. २१ ते ३५ दिवसांत येत असेल तर साधारण नियमित, ३५ च्या वर वारंवार जात असेल किंवा वर्षात ८ पेक्षा कमी वेळा येत असेल तर ती अनियमित. "येते की" हे उत्तर नाही, मी देऊन बघितलंय. माझी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येत होती आणि मला ते नॉर्मलच वाटत होतं.

मग वजन, पिंपल्स, डोक्यावरचे केस पुढून किंवा भांगातून विरळ होणं, मानेमागे काखेत काळपट मखमली पट्टा. तो मळ नसतो हो, कितीही घासलं तरी जात नाही, ती बऱ्याचदा शरीरात इन्शुलिन जास्त असल्याची खूण असते.

आणि औषधं. सगळी. विचारल्यावर आपण फक्त गोळ्या सांगतो, क्रीम विसरतो. डॅनाझॉल, जिममध्ये कुणी दिलेली अॅनाबॉलिक स्टेरॉईड, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनी पुरुषी हार्मोनच्या बाजूचे बदल होऊ शकतात. फेनिटॉईन, सायक्लोस्पोरीन, केसांसाठीचं मिनॉक्सिडिल यांनी वेगळ्या प्रकारे, अंगभर किंवा लावलं त्या भागात लव वाढते, त्याचा हार्मोनशी संबंध नसतो. चेहरा उजळायला म्हणून लावलेल्या क्रीममध्ये स्टेरॉईड असेल तर महिनोन्महिने लावल्यावर गालावर केस येतात, त्वचा पातळ आणि लाल होते ते वेगळंच. नवरा टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असेल तर ते अंगाला अंग लागूनही बाईच्या शरीरात जातं. हे ऐकून मला हसू आलं होतं पण ते खरं आहे आणि लहान मुलांनाही होऊ शकतं.

हे असेल तर बाकी सोडा, या आठवड्यातच डॉक्टर गाठा

बहुतेकींचं कारण साधं असतं. पण थोड्या बायकांमध्ये अंडाशयाची किंवा किडनीच्या वर बसलेल्या अॅड्रीनल ग्रंथीची गाठ पुरुषी हार्मोन ओतत असते, आणि ती ओळखू येते तिच्या वेगावरून. वर्षानुवर्षं हळूहळू वाढणारे केस एक, आणि काही महिन्यांत झपाट्याने वाढलेले केस दुसरे. त्याबरोबर आवाज जाड झाला, फोनवर लोक दादा म्हणायला लागले, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून टक्कल पडायला लागलं, दंड-खांदे व्यायाम न करता भरायला लागले, क्लिटोरिस मोठं झालं, पाळी एकदम बंद झाली, तर थांबायचं नाही. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर असं अचानक सुरू झालं तरीही हेच. हनुवटीवर चार-दोन केस मात्र पाळी गेल्यावर पुष्कळ जणींना येतात कारण इस्ट्रोजेन कमी होतं पण अंडाशय थोडं पुरुषी हार्मोन बनवतच राहतं, तेवढ्याने घाबरू नका.

चेहरा गोल आणि लाल, पोटावर बोटाएवढे रुंद जांभळे पट्टे, साधं लागलं तरी काळंनिळं, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर नाही, नवीन बीपी आणि शुगर, असा सगळा संच दिसला तर कुशिंग असू शकतं, त्यात कॉर्टिसॉल वाढलेलं असतं. हे दुर्मीळ आहे पण सुटून जाऊ नये.

आत नेमकं काय होतं

टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं असं आपण धरून चाललेलो असतो. बायकांच्या शरीरातही ते असतं, थोडं अंडाशय बनवतं, थोडं अॅड्रीनल, आणि उरलेलं चरबीत, त्वचेत इतर हार्मोनपासून तयार होतं. रक्तात त्यातलं बरंचसं एसएचबीजी नावाच्या प्रोटीनला चिकटून फिरतं आणि चिकटलेलं असेपर्यंत फारसं काही करत नाही. मोकळं असतं तेच केसांच्या मुळापर्यंत पोचतं. तिथे ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम त्याचं आणखी जोरदार डीएचटी बनवतं आणि मग ते मूळ लव बनवायचं सोडून राठ केस बनवायला लागतं.

हे कळलं की दोन कोडी सुटतात. पहिलं, वजन आणि साखरेचा केसांशी काय संबंध. इन्शुलिन वाढलं की लिव्हर एसएचबीजी कमी बनवतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन तेवढंच असूनही मोकळं जास्त, आणि तेच इन्शुलिन अंडाशयालाही जास्त टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. दुसरं, रिपोर्ट नॉर्मल आणि केस मात्र भरपूर असं कसं. काहींच्या केसांची मुळंच जास्त हावरी असतात, थोड्या हार्मोनवरही जोरात काम करतात. त्यामुळे हार्मोनचा आकडा आणि केसांचं प्रमाण यांचा मेळ बसेलच असं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुम्ही खोटं बोलताय असं कुणी सुचवलं तर दुसरा डॉक्टर बघा.

आणि एकदा मूळ राठ झालं की ते आपसूक परत लव बनवायला लागत नाही. गोळ्या नवीन केस थांबवतात आणि आहेत ते बारीक, संथ करतात, उपटून टाकत नाहीत. हे आधी माहीत असतं तर पहिल्या तीन महिन्यांत मी रडले नसते.

कारणं कोणती

सगळ्यात मोठं कारण पीसीओएस (पॉलीसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, शब्दशः अनेक गाठींची अंडाशयं), हर्सुटिझम असलेल्या दहापैकी सात-आठ जणींमध्ये हेच निघतं. नाव ऐकून अंडाशयात गाठी झाल्या असं वाटतं, माझ्या आईला तर ऑपरेशनच करावं लागेल असं वाटलं होतं. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतातच, अर्धवट वाढून थांबलेली अंड्यांची छोटी घरं असतात, २ ते ९ मिलिमीटरची. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात बायकांवरून याचं पहिलं नीट वर्णन केलं तेव्हापासून हे गाठींचं नाव चिकटलंय. निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण म्हणजे केस किंवा रक्तातला आकडा, आणि सोनोग्राफीत तशी अंडाशयं. म्हणजे राठ केस आणि अनियमित पाळी एवढं असेल आणि बाकीची कारणं तपासून बाजूला काढली असतील तर मोठ्या बाईला सोनोग्राफीशिवायही निदान होतं, आणि उलट नुसत्या सोनोग्राफीत "पीसीओ" लिहून आलं, बाकी काही नाही, तर तो पीसीओएस नाही. नुकत्याच वयात आलेल्या मुलींच्या सोनोग्राफीत तर हे चित्र सहजच दिसतं, म्हणून पाळी सुरू झाल्यापासून पहिली ८ वर्षं निदानासाठी सोनोग्राफी धरू नये असं आता म्हणतात. पंधरा वर्षांच्या पोरीला एका सोनोग्राफीवर हे नाव चिकटवून आयुष्यभराची भीती घालू नका एवढंच.

पीसीओएसमध्ये केसांपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाळीच. तीन-तीन महिने पाळी आली नाही तर गर्भाशयाचं आतलं अस्तर साठत राहतं आणि वर्षानुवर्षं तसं राहिलं तर पुढे त्याचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. बरं झालं कटकट नाही असं म्हणून सोडू नका. शुगरही बघायची, पुढे डायबेटीसचा धोका जास्त असतो.

दुसरं, इडिओपॅथिक, म्हणजे कारण सापडत नाही ते. पाळी नियमित, हार्मोन नॉर्मल, तरी केस. हा शिक्का मारायच्या आधी एक तपासणी करून घ्या, कारण पाळी वेळेवर येणाऱ्या काही जणींमध्येही अंडं सुटत नसतं, पुढची पाळी यायच्या साधारण ७ दिवस आधी प्रोजेस्टेरॉन (अंडं सुटल्यावर वाढणारं हार्मोन) बघितलं की ते कळतं.

तिसरं जरा लपून बसणारं आहे. अॅड्रीनल ग्रंथीत २१-हायड्रॉक्सिलेज नावाचं एन्झाइम जन्मापासून कमी, त्यामुळे कॉर्टिसॉल बनवायचा कच्चा माल पुरुषी हार्मोनकडे वळतो. सौम्य प्रकार असेल तर लहानपणी कळतही नाही, मोठेपणी केस, पिंपल्स, अनियमित पाळी, दिसायला हुबेहूब पीसीओएस. फरक कळतो फक्त १७-ओएचपी या टेस्टने. आई-वडील दोघांकडून बिघडलेला जीन आल्यावर हे होतं, म्हणून मूल हवं असेल तर आधी कळलेलं बरं, जोडीदाराचीही तपासणी करता येते.

थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) हे पाळी बिघडवतात म्हणून तपासतात, नुसत्या राठ केसांचं कारण ते क्वचितच असतात. गाठी आणि कुशिंग वर आलंच.

टेस्ट करताना माझ्यासारखं करू नका

मी पहिल्यांदा टेस्ट केल्या तेव्हा पाळी नियमित व्हावी म्हणून आधीच दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रिपोर्ट एकदम छान आला आणि तुला काहीच नाही म्हणून मला घरी पाठवलं, एक वर्ष गेलं. त्या गोळ्या टेस्टोस्टेरॉन खाली आणतात आणि एसएचबीजी वर नेतात, म्हणजे मी औषध घेऊन आजार नाही हे सिद्ध करत होते. नीट आकडा हवा असेल तर गोळ्या बंद करून साधारण ३ महिने थांबावं लागतं, अर्थात डॉक्टरला विचारून आणि मूल नको असेल तर तोपर्यंत दुसरी काळजी घेऊन.

केस, नखांसाठी बायोटिन घेताय? बऱ्याच लॅबच्या मशीनचे आकडे त्याने चुकतात, टेस्टच्या आधी किमान २-३ दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर लॅबला विचारून आणखी आधीपासून.

रक्त कधी द्यायचं तर सकाळी, शक्यतो ८ च्या सुमाराला, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. पाळी येतच नसेल तर गरोदर नाही हे बघून डॉक्टर सांगतील त्या दिवशी. लॅबच्या पावतीवर पाळीचा कितवा दिवस ते पेनाने लिहा, नाहीतर तीन महिन्यांनी कुणाला आठवत नाही.

काय काय करतात: टोटल टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, डीएचईए-एस (अॅड्रीनलमधून येणारं पुरुषी हार्मोन), १७-ओएचपी, प्रोलॅक्टिन, टीएसएच (थायरॉईडसाठी), आणि शुगरसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची टेस्ट किंवा एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर). बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन इतकं कमी असतं की साध्या मशीनला ते नीट पकडता येत नाही, लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमेट्रीने करून मिळत असेल तर ते करा. "फ्री टेस्टोस्टेरॉन" थेट मोजून देणाऱ्या साध्या टेस्टवर फार भरवसा ठेवत नाहीत, टोटल आणि एसएचबीजीवरून हिशेब केलेला आकडा बरा.

रिपोर्ट हातात आल्यावर आधी युनिट बघा. एका लॅबमध्ये नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, दुसरीत नॅनोमोल प्रति लिटर, टेस्टोस्टेरॉनचं १ नॅनोमोल प्रति लिटर म्हणजे साधारण २९ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. माझ्या मावसबहिणीने दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून हार्मोन तीसपट वाढलं म्हणून रात्री फोन केला होता. पुढचे आकडे प्रति डेसिलिटर आहेत. टेस्टोस्टेरॉन १५० ते २०० नॅनोग्रॅमच्या वर किंवा डीएचईए-एस ७०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर गाठ शोधायला स्कॅन करतात. १७-ओएचपी २०० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ते तिसरं कारण बहुतेक नाही, १००० च्या वर असेल तर जवळजवळ नक्की, मधे अडकलं तर एसीटीएचचं (अॅड्रीनलला कामाला लावणारं हार्मोन) इंजेक्शन देऊन परत मोजतात. कुशिंगचा संशय असेल तर रात्री डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी कॉर्टिसॉल बघतात. सगळ्यांना सगळं करायची गरज नसते.

औषधं, आणि सहा महिने

सहा महिने हा आकडा भिंतीवर लिहा. प्रत्येक केसाचं स्वतःचं चक्र असतं, आज जो दिसतोय त्याची तयारी मागेच झालेली असते, म्हणून कुठल्याही औषधाचा निकाल ६ महिन्यांच्या आत लावायचा नाही. मी दोनदा तिसऱ्या महिन्यात सोडली आणि दोनदा शून्यापासून सुरू केली.

मूल नको असेल तर पहिली पसंती बहुधा इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांना. त्या अंडाशयातलं पुरुषी हार्मोन दाबतात आणि एसएचबीजी वाढवून मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी करतात, पाळीही मार्गी लागते. पण पस्तिशीच्या पुढे सिगारेट ओढत असाल, डोळ्यांसमोर चमकल्यासारखं होऊन मायग्रेन येत असेल, कधी रक्ताची गुठळी झाली असेल, बीपी ताब्यात नसेल, तर त्या तुमच्यासाठी नाहीत. हे डॉक्टरने विचारलं नाही तरी तुम्ही सांगा.

त्याने ६ महिन्यांत पुरेसं झालं नाही तर पुरुषी हार्मोन अडवणारं औषध जोडतात, बहुतेक वेळा स्पायरोनोलॅक्टोन, दिवसाला ५० ते २०० मिलिग्रॅम. मुळात बीपीचं, लघवी जास्त करायला लावणारं औषध आहे ते, त्यामुळे सुरुवातीला चक्कर, वारंवार बाथरूम, मधेच स्पॉटिंग, आणि किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियम बघावं लागतं. फिनास्टेराईड हा दुसरा पर्याय. ही औषधं चालू असताना गर्भ राहिला आणि तो मुलगा असला तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, म्हणून खात्रीचं गर्भनिरोधक असल्याशिवाय ती घ्यायचीच नाहीत. फ्लुटामाईड लिव्हरला धोकादायक म्हणून आता केसांसाठी देऊ नये असं सांगतात.

मेटफॉर्मिनबद्दल खूप गैरसमज आहे. शुगर, इन्शुलिन, पाळी यांसाठी ते उपयोगी पडतं, पण नुसत्या केसांसाठी त्याचा फारसा फायदा होत नाही. वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झाल्याने पाळी आणि हार्मोनमध्ये बऱ्याच जणींना फरक पडतो, केसांमध्ये थोडा. "वजन कमी कर, सगळं जाईल" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की, जाऊ दे. सडपातळ बायकांनाही पीसीओएस असतो.

केस काढायला कारण कळेपर्यंत थांबायचं नाही

दोन्ही कामं बरोबरीने चालतात. रेझरने केस जाड होत नाहीत, हे १९२८ पासून तपासलं गेलंय. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं एवढंच. चेहऱ्यावर स्वच्छ रेझर फिरवणं हा सगळ्यात कमी त्रासाचा उपाय आहे आणि तोच करायला आपल्याला सगळ्यात जास्त लाज वाटते. चिमटा, थ्रेडिंग, वॅक्सिंगने केस जास्त दिवस येत नाहीत पण हनुवटीवर वारंवार केलं की आत वळलेले केस, पुरळ आणि काळे डाग. माझ्या हनुवटीवरचे डाग केसांपेक्षा जास्त दिसायचे, आणि ते हार्मोनने नाही, त्या तीन चिमट्यांनी दिले होते.

एफ्लोर्निथिनचं १३.९ टक्के क्रीम दिवसातून दोनदा लावायचं असतं, ते केस काढत नाही, वाढ संथ करतं, ८ आठवड्यांत फरक कळतो आणि बंद केल्यावर साधारण तितक्याच दिवसांत परत पूर्ववत.

लेझर करणार असाल तर तीन गोष्टी. लेझर काळ्या रंगाला पकडतं म्हणून पांढऱ्या केसांवर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिसच, एकेका मुळात सुई घालून, वेळखाऊ पण कायमचं. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग सुरक्षित मानतात, कुठलं मशीन वापरताय हे विचारायला लाजू नका. आणि आधीच्या ४ आठवड्यांत उपटायचं नाही, फक्त रेझर, कारण मूळच नसेल तर लेझर पकडणार काय. चेहऱ्याला ४ ते ६ आठवड्यांच्या अंतराने सहा किंवा जास्त सेशन लागतात. तिथेही तारखा.

एक गोष्ट पार्लरमध्ये कुणी सांगत नाही. लेझरने कधीकधी उलटं होतं, लेझर केलेल्या भागाच्या कडेला लवेचे राठ केस होतात, आणि हे जास्त करून सावळ्या बायकांच्या चेहऱ्यावर, मानेवर दिसतं. म्हणून बारीक लवेवर लेझर मारून घेऊ नका, राठ केसांवरच. हार्मोन वाढलेलं असताना नुसतं लेझर केलं तर शेजारची नवीन मुळं जागी होत राहतात आणि मशीन बिघडलं असं आपल्याला वाटतं.

फरक पडतोय का हे कसं बघायचं

आरशात बघून नाही. आरसा रोज खोटं बोलतो, पाळीच्या आधी जास्तच. किती दिवसांनी रेझर लागतो ते कॅलेंडरवर टिक करा, आणि महिन्यातून एकदा त्याच खिडकीत त्याच वेळी फोटो काढा. माझ्या कॅलेंडरवर पहिल्या महिन्यात रोज टिक होती. चौथ्या महिन्यातही जवळजवळ रोजच, तेव्हा मी डॉक्टरबाईंना फोन करून काहीच होत नाहीये म्हणाले होते, त्या म्हणाल्या सहा पूर्ण कर आणि मग पान घेऊन ये. सातव्या महिन्यात टिका तीन-तीन दिवसांनी होत्या, वर्षाच्या शेवटी पाच-सहा दिवसांनी. आता ते पान बघूनच गोळीचा डोस ठरतो. ऑफिसच्या ड्रॉवरमधला चिमटा परवा स्टेपलरची अडकलेली पिन काढायला वापरला, तेव्हा आठवलं की तो तिथे का ठेवला होता.